सेल्मरकडून आलेलं रिकामं भांडं

आमच्या ऑस्टबी गावात कुणी कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही. तुम्ही आजारी पडा, बाळंत व्हा, नाहीतर तुमचा नवरा मरू दे, दुसऱ्या दिवशी दारात शेजारीण उभी आणि तिच्या हातात हॉटडिश. खिमा, डब्यातलं मशरूम सूप आणि वर बटाट्याचे गोळे, सगळं एका काचेच्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजायचं, की झालं हॉटडिश. चव कशाचीच लागत नाही आणि त्याचाच सगळ्यांना अभिमान. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव लिहिलेलं असतं. खाऊन झालं की भांडं लख्ख घासायचं आणि परत करताना त्यात काहीतरी घालून द्यायचं. लिंबाच्या वड्या, लोणचं, काहीच नसेल तर परसातले टोमॅटो. इथला माणूस एक वेळ चर्चला दांडी मारेल, पण हे चुकवणार नाही.

मी इथली नाही. माझं माहेर उत्तरेला, मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणींच्या मुलखात. तिथे इटालियन, स्लोव्हेनियन, फिनिश सगळे एकाच भुयारात राबलेले. भांडायचं असलं की तोंडावर भांडायचं आणि संध्याकाळी एकाच बाटलीतली प्यायची, असा आमचा खाक्या. हार्लन क्वाम्मेशी लग्न करून मी या नॉर्वेजियन लोकांत येऊन पडले, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. माणसं कष्टाळू आहेत, चोऱ्यामाऱ्या करत नाहीत, बर्फात गाडी रुतली तर ढकलायला सगळे धावतात. पण तोंडावर 'नाही' म्हणायची वेळ आली की यांच्या घशाला कोरड पडते. एखादी गोष्ट आवडली नाही तर म्हणतील, "वेगळं आहे." पटली नाही तर म्हणतील, "असेलही." याला ते चांगुलपणा म्हणतात. मी काय म्हणते ते हार्लनला ठाऊक आहे आणि चर्चच्या आवारात तो मला ते म्हणू देत नाही.

अर्डिस ही हार्लनची थोरली बहीण, माझी नणंद. तिने लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळली म्हणून घरात राहिली, आई गेल्यावर बापाचं करत राहिली, आणि बाप गेला तोवर ती पन्नाशीला टेकली होती. गावातले बिनलग्नाचे पुरुष एव्हाना एकतर दारुडे होते किंवा तिचे चुलतभाऊ. शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुख्य स्वयंपाकीण. तिची पावलं वाजली की हाताखालच्या बायका एप्रन सारखे करायच्या. गावात कुणी गेलं की दफनानंतरचं जेवण तिच्याच देखरेखीखाली व्हायचं. घरच्यांना रडू आवरेनासं झालं की ती त्यांच्या हातात कॉफीचा भरलेला कप द्यायची, कारण भरलेला कप हातात असला की माणसाला नीट रडता येत नाही. ही तिची माया.

तिला मी आवडत नव्हते आणि मला ती. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला माझ्या आईच्या पद्धतीचा सॉस घालून स्पगेटी वाढली. तिने एक घास खाल्ला, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाली, "वेगळं आहे." तेव्हापासून दर नाताळच्या दुसऱ्या दिवशी तोच सॉस, तोच रुमाल आणि तेच दोन शब्द.

आता सेल्मर टॉर्गर्सन. गावच्या धान्याच्या कोठारावर ट्रक वजन करायचं काम करतो. भला माणूस, असं सगळे म्हणतात. इथल्या अर्थाने खरंच भला आहे. त्याने आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही, कारण कुणाशी तो धड काही बोललाच नाही. त्याची बायको कॅन्सरने गेली. दफनाचं जेवण अर्डिसने केलं आणि पुढच्या आठवड्यात रीतीप्रमाणे हॉटडिश नेऊन दिलं. सेल्मरने भांडं घासलं, तळघरात गेला, बायकोने करून ठेवलेली बिटाच्या लोणच्याची बरणी हाताला लागली ती भांड्यात ठेवली आणि परत केली. एवढंच झालं. शपथेवर सांगते, त्याच्याकडून आयुष्यभरात एवढंच झालं.

अर्डिस माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. असं ती कधी बसत नसे.

"बीट पाठवलंय," ती म्हणाली.

"कुणी?"

"सेल्मरने. लाल बीट, जोझी."

"बीट लालच असतं."

"तळघरात काकडीचं लोणचंही होतं. कपाटभर होतं, मी पाहिलंय. ते नाही पाठवलं त्याने."

मी हसले. मला वाटलं, बाईला या वयात कुणीतरी आवडलंय, चांगलंच आहे की. पण ती हसत नव्हती. शाळेतल्या दुधाचा हिशोब सांगावा तशी सांगत होती.

भांडं भरून आलं म्हणजे आपण पुन्हा काहीतरी द्यायला हवं, म्हणून तिने दुसरं हॉटडिश पाठवलं. ते आलं म्हणजे परत काहीतरी घालून द्यायला हवं, म्हणून सेल्मरने अंडी दिली. मग तिसरं, मग चौथं. त्याला मशरूम सोसत नाहीत, म्हणून ते सगळं त्याच्या कुत्र्याच्या पोटात जायचं आणि तो टिपी पुढे पुढे इतका सुटला की त्याला ट्रकमध्ये उचलून ठेवावा लागे. 'बाई, आता पुरे,' एवढं म्हणायला सेल्मरला जीभ नव्हती. एकदा घरात काहीच सापडेना, तेव्हा पठ्ठ्याने धान्यकोठाराचं फुकट वाटायचं कॅलेंडर भांड्यात घालून दिलं.

"तारीख काढ म्हणतोय," अर्डिस म्हणाली.

मग सगळंच बोलायला लागलं. तिच्या खिडकीतून त्याच्या अंगणातला दिवा दिसे. तो जळत राहिला तर सेल्मर जागा आहे, तिच्यासाठी. विझला तर तिने झोपावं म्हणून. स्तोत्र म्हणताना तो खोकला तर खूण, नाही खोकला तर लोकांना संशय येऊ नये म्हणून. रात्र रात्र ती खिडकीत बसून राहायला लागली. आणि सकाळी सहाला शाळेत हजर, दोनशे पोरांचं जेवण, एक पाव करपलेला नाही.

मी हार्लनला म्हटलं, "तुझ्या बहिणीचं काहीतरी बिघडलंय."

"ह्म," हार्लन म्हणाला. तीस वर्षांत मी त्या 'ह्म'चे सगळे प्रकार ऐकलेत. हा घाबरल्याचा होता.

आणि गाव काय करत होतं? गाव तिला खाऊपिऊ घालत होतं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला ती इनेझ लोकेनला सांगायची, "सेल्मर योग्य वेळेची वाट बघतोय." इनेझला पक्कं ठाऊक होतं की सेल्मर कशाचीच वाट बघत नाहीये. पण ती वडी चावत म्हणायची, "असेलही बाई." शेजारची मान डोलवायची. पास्टर लार्स लिंडाल खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "प्रेम ही देवाची देणगी आहे, अर्डिस." आणि ती वळली की सगळ्या जणी डोकी जवळ आणून खुसखुसायच्या. तोंडावर हो आणि पाठीमागे खीखी. मला या लोकांची किळस आली ती तेव्हा. वेडेपणाची नाही आली.

मग लव्हॉन आली. शेजारच्या काउंटीतली विधवा, मोकळी, जाडजूड, हसतमुख. सेल्मरला ती कोठारावर मका विकायला आली तेव्हा भेटली. सहा महिन्यांत साखरपुडा. चर्चमध्ये तसं जाहीर झालं आणि सगळ्यांनी चोरून अर्डिसकडे पाहिलं. अर्डिस उठली, जाऊन लव्हॉनचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "साखरपुड्याचा केक मी करणार." आणि केला. तीन थरांचा. गावाने सुटकेचा श्वास टाकला. बघा, म्हणाले, झालं ना सगळं ठीक.

मी तिला विचारलं, "केक का केलास?"

"नाटक नीट वठायला हवं ना."

"कसलं नाटक?"

ती माझ्याकडे लहान पोरीकडे बघावं तशी बघायला लागली. "अगं, त्याच्या बायकोला जाऊन किती दिवस झाले? एकदम माझ्याशी लग्न केलं तर लोक म्हणतील, ती जिवंत असल्यापासून यांचं होतं. माझं नाव खराब होईल. म्हणून मधे ही. हिच्याशी मोडेल, मग लोकच म्हणतील, सेल्मर, अर्डिसला विचार."

"आणि लव्हॉनला हे माहितेय?"

"बिचारी," अर्डिस म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं. "तिला कोण सांगणार?"

मला सांगा, यात एक टाका तरी उसवलेला आहे का? मी तिथे बसून शोधत होते आणि मला सापडत नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

काउंटीच्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा मनाच्या आजारांची डॉक्टर यायची, प्रुइट नावाची. चपटे बूट, पिकलेले केस, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. मी एकटीच गेले आणि बिटापासून केकपर्यंत सगळं सांगितलं.

"आवाज ऐकते का? असंबद्ध बोलते का?" तिने विचारलं.

"छे. माझ्यापेक्षा व्यवस्थित बोलते."

"म्हणूनच कुणी तिला आणलं नाही." ती म्हणाली, "याला भ्रमविकार म्हणतात. वेडं माणूस म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते विसरा. हिचं काम ठीक, स्वच्छता ठीक, माणसांशी वागणं ठीक. फक्त एक समजूत आहे आणि ती पुराव्याने हलत नाही. तुम्ही विरुद्ध पुरावा दिलात तर तोसुद्धा ती त्यातच विणून टाकेल. हा हट्ट नाही आणि मूर्खपणाही नाही. आजार आहे."

"मग काय करू? थोबाडीत देऊ?"

"वाद घालू नका, त्याने समजूत घट्ट होते. पण हो-ही म्हणू नका. 'मला तसं दिसत नाही,' एवढंच म्हणा आणि गप्प राहा. झोपते का ती?"

"नाही."

"मग झोपेसाठी आणा. तिला स्वतःला जाणवतो तो त्रास झोपेचा आहे, समजुतीचा नाही. पण तिने स्वतःहून यायला हवं. आणि लवकर. अशी माणसं वर्षानुवर्षं नुसती वाट बघत बसतात, पण एखाद्या दिवशी उठतात आणि चालायला लागतात. तेव्हा कुणाला तरी इजा होते, बहुतेक त्यांनाच." मी दारात पोचल्यावर ती म्हणाली, "आणि गावाला सांगा, त्या बाईच्या हो ला हो करणं थांबवा."

गावाला सांगा! त्या डॉक्टरीणबाई बाहेरच्या राज्यातल्या होत्या.

तरी मी गेले पास्टरकडे. त्यांनी तळघरात बैठक बोलावली. इनेझ, आणखी दोघी, सेल्मर, लव्हॉन आणि मी. अर्थात कॉफी होती. अर्थात वड्या होत्या. पास्टरांनी आधी प्रार्थना केली आणि मग म्हणाले, "कुणाचंही मन न दुखवता आपण काय करू शकतो?"

"सेल्मरने तिच्यासमोर उभं राहून सांगावं," मी म्हटलं, "माझं तुझ्यावर प्रेम नाही, कधी नव्हतं, आणि हॉटडिश कुत्रा खातो. तिचा आजार त्याने जाणार नाही. पण निदान गावात एक तरी माणूस खरं बोलल्यासारखं होईल."

सगळे कपात बघायला लागले. सेल्मरचा चेहरा त्याच्या बिटासारखा झाला.

"तसं तोंडावर कसं म्हणायचं?" तो म्हणाला.

"तोंडानेच म्हणायचं. म्हणूनच ते दिलंय."

"जोझीचं म्हणणं... वेगळं आहे," इनेझ म्हणाली.

मग अर्धा तास काथ्याकूट झाला आणि शेवटी त्या शहाण्यांना एक युक्ती सुचली. ती या गावाशिवाय जगात कुणाला सुचली नसती. अर्डिसचं पुढचं भांडं सेल्मरने रिकामं परत करायचं.

एकीने हात छातीवर ठेवला. "रिकामं? अगदी रिकामं?"

"निदान एखादं सफरचंद..." दुसरी म्हणाली.

"नाही," पास्टर म्हणाले, कुणाला फाशी द्यायची असल्यासारखे. "रिकामंच. म्हणजे तिला समजेल."

"तिला समजणार नाही," मी म्हटलं. "डॉक्टरने सांगितलंय. ती त्याचाही अर्थ लावेल."

"असेलही," पास्टर म्हणाले. मी माझा कोट उचलला आणि निघाले. माझ्या मागे ते दुसरा कप ओतून घेत होते.

जानेवारीत, गुरुवारी, ते भांडं परत आलं. हातात द्यायची सेल्मरची छाती झाली नाही. चर्चच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून तो पळाला. अर्डिसने ते उचललं, आत पाहिलं, उलटं करून बुडावरचं आपलं नाव पाहिलं, आणि तशीच, कोटाची बटणंही न लावता, माझ्याकडे आली. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. खोटं का बोलू, ती सुंदर दिसत होती.

"रिकामं दिलंय, जोझी."

"बरं मग?"

"या गावात कुणी कुणाला रिकामं भांडं दिलंय कधी? आजोबांच्या काळापासून? त्याने दिलं. आता वस्तूंचं बोलणं संपलं, असं म्हणतोय तो. आता घालायला काही उरलं नाही. आता मीच जायचं."

"मला तसं दिसत नाही," मी म्हटलं. आणि गप्प बसले. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं, हे ज्याला कळेल त्याला कळेल.

"तुला कसं दिसेल?" ती म्हणाली, पण रागाने नाही.

"तू झोपली नाहीस, अर्डिस. तुझे हात थरथरतायत. त्या दवाखान्यात एक डॉक्टर येते, मंगळवारी येणार आहे. झोपेचं औषध देते. मी गाडी काढते, जाऊन येऊ."

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. आधीच्या आठवड्यात शुक्रवारी शाळेत तिच्या हातून दुधाचा ट्रे पडला होता आणि ते तिच्या मनाला फार लागलं होतं. "मंगळवारी," ती म्हणाली. "बरं. नवीन घरात जायचं तर हात तरी ठीक हवेत." मी तिला त्या नवीन घराबद्दल काही बोलले नाही. मंगळवारपर्यंत ती घरी राहिली की झालं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी इनेझला फोन केला, पास्टरांना केला. म्हटलं, मंगळवारपर्यंत तिने काही विचारलं तर नाही म्हणा, किंवा तोंडात वडी कोंबून गप्प बसा, पण हो म्हणू नका.

रविवारी मी पंधरा मैलांवर मिस्साला गेले. मी कॅथलिक, इथलं सगळं गाव लुथरन. त्यामुळे मागे काय झालं ते मला नंतर कळलं. प्रार्थना संपल्यावर अर्डिसने इनेझला गाठलं. म्हणाली, "मी मंगळवारपर्यंत थांबणार होते. पण आज वेदीजवळून जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं. आजच जाऊ ना?"

आणि इनेझ लोकेन, रविवारच्या शाळेत पोरांना दहा आज्ञा शिकवणारी, म्हणाली, "तुला योग्य वाटेल तसं कर बाई."

बाहेर उणे पंचवीस होतं आणि मैदानावरून वारा सुटला होता. मी परत येताना सेल्मरच्या घरावरून आले. त्याच्या घराच्या पुढच्या पायऱ्यांवर मला लाल सूटकेस दिसली. पुढच्या! इथे पुढचं दार कुणी वापरत नाही. सगळा वावर मागच्या दाराने. पुढचं दार उघडतं ते नवरी घरात आणायला आणि शवपेटी बाहेर न्यायला. त्या पायऱ्यांवर कमरेइतका बर्फ होता. अर्डिसने तो हातांनी उपसला होता. हातमोजे ओले झाले म्हणून काढून नीट घडी करून शेजारी ठेवले होते, आणि सूटकेसवर बसली होती, मांडीवर ते रिकामं भांडं घेऊन.

"अर्डिस, ऊठ."

"थांब जरा," ती म्हणाली. तिचे ओठ हलत नव्हते. "ते आवरतायत आत."

मी दारावर लाथ मारली. आत दिवे बंद, पडदे ओढलेले. मी वळसा घालून मागे गेले आणि मुठींनी दार बडवलं. बऱ्याच वेळाने ते वितभर उघडलं. सेल्मर. त्याच्या मागे तळघराच्या जिन्यात लव्हॉन आणि तो लठ्ठ कुत्रा. दोघं आणि कुत्रा, दिवे मालवून, तळघरात लपून बसले होते, एक बाई दारात गोठत होती तोवर. तिला 'जा' म्हणायचं नव्हतं ना, मन दुखावलं असतं. पास्टरांना फोन केला होता. ते जेवायला बसले होते. ते म्हणाले, जराशाने जाईल ती.

सेल्मरने माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जोझी, कॉफी घेतेस?"

मी त्याला काय म्हटलं ते इटालियनमध्ये होतं आणि माझ्या आजीला ते ऐकून लाज वाटली असती. मग आम्ही तिघांनी तिला उचलून गाडीत घातलं. मांडीवरचं भांडं तिने सोडलं नाही. तिची बोटं काचेला चिकटली होती.

उजव्या हाताच्या तीन बोटांची पेरं कापावी लागली. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर प्रुइट आली, खाटेशेजारी खुर्ची ओढून बसली आणि अर्डिसशी झोपेबद्दल बोलली. सेल्मरचं नावही काढलं नाही. बाहेर येऊन मला म्हणाली, "गोळी आहे. काही आठवड्यांत समजूत सैल पडते, सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची. पूर्ण जाईलच असं नाही, पण तिचा जोर कमी होतो. मात्र रोज घ्यावी लागेल आणि ती घेत नाहीये. म्हणते, मला काही झालेलं नाही, बोटं तेवढी गेली. इथे आहे तोवर ठीक. घरी जाऊनही घेतली नाही तर पुन्हा त्याच पायऱ्यांवर जाईल. तिचा विश्वास कुणावर आहे?"

"सगळ्या गावावर," मी म्हटलं. "तीच तर बोंब आहे."

आणि गाव आलं की. लिफ्टचं दार उघडायचं आणि एकेक भांडं बाहेर पडायचं. इनेझचं हॉटडिश. पास्टरांच्या बायकोचं हॉटडिश. परिचारिकांच्या टेबलावर रांग लागली. कुणी खोलीत जाऊन दोन शब्द बोललं नाही, ठेवलं आणि सुटले. शेवटी लव्हॉन आली, डोळे सुजलेले, हातात अर्डिसचंच भांडं, त्या दिवशी दवाखान्यात बोटांपासून सोडवल्यावर घरी नेलेलं, आता भरलेलं. लिंबाच्या वड्या, वर पिठीसाखर भुरभुरलेली. "सेल्मरने पाठवल्यात," ती म्हणाली. "त्याला फार वाईट वाटतंय. रिकामं दिलं ते त्याला अजून खुपतंय."

रिकामं दिलं ते खुपतंय! मी भांडं तिच्या हातातून घेतलं, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपात उपडं केलं आणि तिला म्हटलं, "सेल्मरला सांग, त्याला आयुष्यात पुन्हा काही द्यावंसं वाटलं तर तोंड उघडून बोलावं." ती रडत गेली. वाईट बाई नाही ती. पण मला तेव्हा फरक पडत नव्हता.

मी खोलीत गेले. परिचारिका कागदी कपात गोळी ठेवून गेली होती आणि ती तशीच होती. अर्डिस खिडकीकडे बघत पडली होती, उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. शेजारच्या टेबलावर घरून आणलेला माझा सॉस आणि स्पगेटी, अर्धी खाल्लेली.

"काही आलं का?" तिने विचारलं. "त्याच्याकडून?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं. तिच्या भल्यासाठीच म्हटलं असतं. इनेझनेही भल्यासाठीच म्हटलं होतं. माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं.

"आलं होतं," मी म्हटलं. "तुझं भांडं. वड्या घालून. मी फेकून दिल्या."

ती झटकन वळली. "का?"

"कारण तू त्याचा अर्थ लावला असतास. तो प्रेमाने पाठवत नाही, अर्डिस. कधीच पाठवलं नाही. त्याला तुझी भीती वाटते आणि लाज वाटते, आणि हे तुला सांगायची त्याची हिंमत नाही. त्या दिवशी ते आवरत नव्हते. दिवे मालवून तळघरात लपले होते. मी पाहिलं."

डॉक्टरने वाद घालू नका म्हटलं होतं. मी घातला नाही. जे पाहिलं ते सांगितलं आणि थांबले. बाहेरच्या रस्त्यावर बर्फ लोटणारी गाडी आली, गेली आणि परत आली.

"मला तसं वाटत नाही," शेवटी ती म्हणाली.

"माहितेय."

"त्याने पाहिलं होतं माझ्याकडे. वेदीपाशी."

"असं तुला दिसलं. मला तसं दिसत नाही."

तिने डोळे मिटले. "इनेझ नेहमी हो म्हणायची. सगळेच म्हणायचे. आणि एकही या खोलीत आला नाही." मग डोळे उघडून ती माझ्याकडे बघायला लागली, शाळेतल्या बायकांकडे बघायची तशी, कुणी मीठ जास्त घातलं ते शोधत. "तू एकदाही हो म्हणाली नाहीस, जोझी. मला खूश करायला सॉससुद्धा तू कधी बदलला नाहीस. मी तोंड वाकडं केलं तरी दर वर्षी तोच केलास."

"मग?"

"तुझ्या सॉसमध्ये लसूण फार असतो. मला कधीच आवडला नाही."

तीस वर्षांनी. मला रडू आलं आणि हातात कप नव्हता, त्यामुळे मी नीट रडले.

अर्डिसने मला थांबवलं नाही. पट्ट्यांतला उजवा हात तिने पांघरुणावर तसाच ठेवला आणि डावा पुढे केला.

"दे तो कागदी कप," ती म्हणाली. "आणि पाणी दे. कोरडी कशी गिळू?"